२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हा निव्वळ योगायोग का?

कोडफोड (धागालेखक)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय, जिलबी वाटली तर सांभाळून घ्या.
झालं असं की आमच्या डेटाबेसमधल्या एका जुन्या टेबलचा आयडी कॉलम साधा इंट (३२ बिटांचा पूर्णांक) होता, बिगइंट (६४ बिटांचा) नाही, ज्यानं बनवला त्याला वाटलं असणार की इतके रेकॉर्ड होतातच कशाला. तर एका रात्री नवीन रेकॉर्ड जाईनात आणि लॉगमध्ये एकच ओळ परत परत, डुप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७. कारण लगेच कळलं, साइन्ड ३२ बिट इंटची कमाल मर्यादा ती, २ चा ३१वा घात उणे १. कॉलम बदलायला लावला आणि तो चालू असताना करायला काही नव्हतं म्हणून टर्मिनलवर सहज त्या आकड्याला फॅक्टर कमांड (अवयव पाडणारी) मारली. उत्तर काय, तर तोच आकडा परत. म्हणजे मूळ संख्या!
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, आणि हिला १ आणि ती स्वतः सोडून कोणीच भागत नाही. वीस वर्षं हा आकडा बघतोय पण हे माहीत नव्हतं. आता प्रश्न असे की (अ) इंटची मर्यादाच नेमकी मूळ संख्या निघावी हा योगायोग की यामागे काही आहे, आणि (ब) ती मूळ आहे याचा कोणाला कधी काही उपयोग झालाय का?

उगाचच

योगायोग. मशीन बनवणाऱ्यांनी ३२ बिट घेतले, एक चिन्हाला गेला, उरले ३१. कोणी बसून मूळ संख्या शोधली नव्हती. हाकानाका.

तिरकीरेघ

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

वजाबाकी

उगाचच, तुमचं अर्धं बरोबर आहे. बिट निवडताना कोणी हे बघितलं नाही हे खरंच. पण पूर्ण योगायोगही नाही म्हणता येत.
बायनरीत ही संख्या म्हणजे ओळीनं ३१ एक्के, बाकी काही नाही. आता समजा १५ एक्के आहेत, म्हणजे १६ बिटवाल्या इंटची मर्यादा, ३२७६७. हे पंधरा एक्के तीन-तीनच्या पाच गटांत पाडा, १११ १११ १११ १११ १११. प्रत्येक गट म्हणजे ७, मग अख्ख्या संख्येला ७ नं भाग जाणारच, हिशोब करायचीही गरज नाही. पाच-पाचचे तीन गट पाडले तर ३१ नं भाग जातो. ३२७६७ = ७ × ३१ × १५१, करून बघा. म्हणजे एक्क्यांची संख्या जर संयुक्त असेल तर आकडा संयुक्त होणारच, तिथं सुटका नाही. म्हणून ६४ बिटवाल्यांची मर्यादा, ६३ एक्के, ही मूळ असूच शकत नाही, आणि नाहीच आहे, ती म्हणजे ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. कोडफोड, तुमचा बिगइंट त्या बाबतीत अगदीच सामान्य निघाला :)
३१ एक्क्यांचे मात्र सारखे गटच पडत नाहीत कारण ३१ स्वतः मूळ. म्हणजे मूळ असायची शक्यता तरी उरली. पण नुसत्या शक्यतेवर भागत नाही, ११ पण मूळ आहे आणि ११ एक्के म्हणजे २०४७ = २३ × ८९. तर ३१ ला जे जमलं ते ११ ला नाही जमलं, तेवढ्यापुरता योगायोग म्हणा हवं तर.
अवांतर: साइन्ड मर्यादांचे घात बघा, ७, १५, ३१, ६३, १२७. यातले ७, ३१, १२७ मूळ आहेत आणि तिन्ही वेळा २^घात − १ पण मूळच येतं. १२७ वाला आकडा ३९ अंकी आहे, तो मूळ आहे हे लुकासनं १८७६ मध्ये सिद्ध केलं, तेही हातानं.

कोडफोड

बापरे, तीन-तीनचे गट पाडायचा प्रकार कसला सोपा आहे, शाळेत कोणी असं दाखवलं नाही. मग १२७ च्या पुढंही हे असंच चालत राहतं का? म्हणजे मूळ घात घेतला की मूळ संख्या?

वजाबाकी

नाही ना. तुम्ही म्हणताय तसं वाटतं खरं, कारण ३ पासून ७, ७ पासून १२७, १२७ पासून तो ३९ अंकी आकडा. आणि दुसरीकडं ५ पासून ३१, ३१ पासून आपला आकडा. पण १३ पासून ८१९१ येतो, तो मूळ आहे, आणि ८१९१ एक्क्यांची संख्या मात्र संयुक्त निघाली. असल्या नुसत्या एक्क्यांच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, आणि घातही मर्सेन असला की दुहेरी मर्सेन, आणि अशा मूळ संख्या आजवर चारच सापडल्यात, ७, १२७, आपला २१४७४८३६४७ आणि तो ३९ अंकी. बास.

शिसपेन्सिल

धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही लोक फॅक्टर कमांड मारून मोकळे होता, पण या आकड्याला कमांड नसताना मूळ ठरवायला दोनशे वर्षांच्या आसपास लागली हो.
१५८८ मध्ये इटलीतल्या कातालदीनं २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ आहेत हे बरोबर दाखवलं आणि मग जोशात येऊन सांगून टाकलं की २३, २९, ३१, ३७ यांच्याही आहेत. फर्मानं १६४० मध्ये २३ आणि ३७ उडवले (२^२३ − १ ला ४७ नं भाग जातो, आणि २^३७ − १ ला २२३ नं). २९ वाला ऑयलरनं १७३८ मध्ये उडवला, त्याला २३३ नं भाग जातो. चारातला एकच टिकला, ३१. पाद्री मर्सेनची प्रसिद्ध यादी मधे १६४४ ची, त्यातही ३१ होताच, पण त्या यादीत ६७ आणि २५७ पण होते आणि ते दोन्ही चुकीचे, वर ६१, ८९, १०७ राहूनच गेले. म्हणजे मर्सेनचं नाव लागलं पण यादीवर विसंबण्यात अर्थ नव्हता.
३१ चा निकाल लावला तो ऑयलरनं १७७२ मध्ये, बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात. तेव्हा तो पासष्टीला आला होता आणि जवळपास आंधळा झाला होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.
सरळ पद्धत काय, तर वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ येतं ४६३४० च्या किंचित वर, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ४७९२. दहा अंकी आकड्याचे पावणेपाच हजार भागाकार! ऑयलर तसा भागत बसला नाही. तो म्हणाला की भाजक असलाच तर तो कसा दिसेल ते आधी बघू.
समजा मूळ संख्या क नं आपल्या आकड्याला भाग जातो. मग क नं भागल्यावर २^३१ ची बाकी १. म्हणजे १ ला दोननं गुणत गेलं की ३१ पायऱ्यांनी आपण परत १ वर येतो, आणि ३१ मूळ असल्यानं त्याआधी कुठंच येत नाही. फर्माच्या नियमानं क − १ पायऱ्यांनीही १ वर यायलाच पाहिजे, म्हणजे क − १ ला ३१ नं भाग जायला हवा. क विषम, म्हणून ६२ नं. झाली पहिली गाळणी. दुसरी गाळणी अशी की २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. म्हणजे २^१६ चा वर्ग केला की २ मिळतात, म्हणजे क च्या दुनियेत (जिथं क नं भागून फक्त बाकी बघायची) २ हा पूर्ण वर्ग आहे. आणि हे फक्त त्याच मूळ संख्यांच्या बाबतीत होतं ज्यांना ८ नं भागल्यावर १ किंवा ७ उरतात. दोन्ही गाळण्या एकावर एक ठेवल्या की क ला २४८ नं भागल्यावर १ किंवा ६३ च उरायला हवेत.
४६३४० पर्यंत असे आकडे किती? मोजा, ६३ स्वतः सोडून ३७२. त्यातलेही बरेचसे संयुक्त, ते परत गळले. सगळ्या मूळ संख्या साधारण साठात एक या हिशोबानं गाळून येतात म्हणजे ऐंशीच्या आसपास भागाकार उरले. पावणेपाच हजारांचे ऐंशी!
मी निवृत्त माणूस, वेळ आहे, कोरी वही आहे. ऐंशी भागाकार हातानं करून बघतो. कॅल्क्युलेटर नाही.

उगाचच

काका दंडवत. पण कशाला पण?

शिसपेन्सिल

उगाचच :)

तिरकीरेघ

😂😂 काका रॉक्स

उगाचच

बरं एक गंमत मीही टाकतो मग. ते ४६३४० दिसलं आणि चमकलो. सी मध्ये इंटचा वर्ग करताना ४६३४० पर्यंत ठीक असतं आणि ४६३४१ चा वर्ग केला की इंट फुटतो. त्यावरून एकदा मार खाल्लाय. तेव्हा वाटलं होतं काय विचित्र आकडा आहे. म्हणजे ऑयलर जिथं थांबला तिथंच आमचा लूप आपटला.

कोडफोड

मी तोवर दुसरी चाचणी चालवून बघितली, लुकास-लेहमर. नाव ऐकून घाबरलो होतो पण पाच ओळींचा कोड आहे. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या आकड्यानं भागून बाकी घ्यायची, परत वर्ग, परत वजा २. घात ३१ असेल तर हे २९ वेळा करायचं आणि शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. बास इतकंच. एकाही भाजकाला हात न लावता!
आधी छोट्यावर करून बघितलं. घात ५, आकडा ३१. ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. मूळ. घात ११, आकडा २०४७, शेवटी १७३६ उरले, म्हणजे संयुक्त, वजाबाकीताई म्हणाल्या तसं.
मग आपला आकडा. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, इथपर्यंत भागायची वेळच येत नाही कारण आकडा अजून मर्यादेत बसतो. नंतर मात्र आकडे वाटेल तसे उड्या मारतात, काहीही पॅटर्न नाही, आणि असं करत करत २८व्या पायरीला अचानक येतं ६५५३६. आणि २९व्या पायरीला शून्य. मी खुर्चीत सरळ बसलो! २ चा १६वा घात तिथं कुठून आला? १६ बिट अनसाइन्डची मर्यादा अधिक एक. हा पण योगायोगच का हो उगाचच?

उगाचच

मी आता गप्प बसलेलं बरं.

वजाबाकी

नाही नाही, हा अजिबात योगायोग नाही, आणि उत्तर काकांच्या प्रतिसादात आधीच आहे. शेवटी शून्य यायचं म्हणजे त्याच्या आदल्या आकड्याचा वर्ग उणे २ = ०, म्हणजे आदला आकडा हा २ चं वर्गमूळ असायलाच हवा. आणि आपल्या आकड्याच्या दुनियेत २ चं वर्गमूळ कोण? २^१६, कारण २^३२ म्हणजे २^३१ × २ आणि २^३१ ची बाकी १, राहिले २. तर २८व्या पायरीला एकतर ६५५३६ येणार नाहीतर त्याचा ऋण भाऊ, तिसरं काही येऊच शकत नाही. ३१ ला धन आलं. घात ७ ला करून बघा, तिथं ऋण येतं, १११, म्हणजे १२७ − १६.
आणि वर्गमूळाचा विषय निघालाच आहे तर याची अजून एक गोष्ट मला फार आवडते. एखाद्या मूळ संख्येच्या दुनियेत वर्गमूळ काढायचं म्हणजे एरवी कटकट असते, पण जिला ४ नं भागल्यावर ३ उरतात तिथं सूत्र आहे, ती मूळ संख्या प धरली तर आकडा (प + १)/४ व्या घाताला चढवायचा. आपल्याकडं प + १ म्हणजे चक्क २^३१, त्याला ४ नं भागलं की २^२९. म्हणजे वर्गमूळ काढायचंय तर काय करायचं, तर २९ वेळा वर्ग करायचा! वर्ग करत करत वर्गमूळ मिळतं. (आकडा त्या दुनियेत पूर्ण वर्ग असेल तरच, नाहीतर त्याच्या ऋण भावाचं वर्गमूळ हातात येतं.)

तिरकीरेघ

वर्ग करत करत वर्गमूळ, हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. हे म्हणजे पुढं पुढं चालत घरी परत येण्यासारखं झालं.

वजाबाकी

अगदी तसंच, दुनिया गोल आहे म्हणून जमतं.

उगाचच

गप्प बसवत नाही. (ब) प्रश्नाचं काय? गंमत खूप झाली, उपयोग सांगा. या आकड्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते हे मलाही माहीत आहे, २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८, आठवी परिपूर्ण संख्या, स्वतः सोडून सगळ्या भाजकांची बेरीज तीच. आणि तिच्याबद्दल पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितीनं १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधणार नाही, कारण हे नुसते कुतूहलाचे आकडे, उपयोग शून्य, कोण कशाला डोकं लावेल. माझं मत बार्लोसारखं.

वजाबाकी

बार्लोचं पहिलं वाक्य तर पासष्ट वर्षांतच पडलं, वर लिहिलेला लुकास, १८७६, १२७ एक्के.

चक्रीवाढ

आणि दुसरं वाक्य १९६९ मध्ये पडलं, तेही याच आकड्यावर. उगाचच, तुम्ही कधी सी++ मध्ये मिनस्टँड रँड हा रँडम आकड्यांचा जनरेटर वापरलाय का? नसेल तरी कुठल्या ना कुठल्या जुन्या लायब्ररीतून नकळत वापरलं असणार.
रँडम आकडे बनवायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे हातातल्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकानं गुणायचं आणि ठरलेल्या संख्येनं भागून बाकी घ्यायची, तोच पुढचा आकडा. १९६९ मध्ये लुईस, गुडमन आणि मिलर यांनी आयबीएमच्या सिस्टिम ३६० साठी भाजक घेतला २१४७४८३६४७ आणि गुणक १६८०७. १९८८ मध्ये पार्क आणि मिलरनं हाच जनरेटर किमान दर्जा म्हणून सुचवला, की याहून वाईट तरी वापरू नका रे. १ पासून सुरू केलं तर दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ यायला पाहिजे, नाही आला तर तुमचा कोड गंडलाय.
आता यात मूळ असण्याचा संबंध काय. भाजक मूळ असला तर असा गुणक सापडतो जो १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक आकड्याला बरोबर एकदा भेट देऊन मगच परत येतो. एकही गाळत नाही, एकही दोनदा घेत नाही. अशा गुणकांत सगळ्यात लहान ७ आहे, आणि १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. पाचवाच का चालतो, कारण प − १ चे अवयव २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, त्यात ५ नाही. तिसरा घात घेतला असता तर एक तृतीयांशच आकडे फिरले असते. सातवा घेतला असता तर सातवा हिस्सा. संयुक्त भाजक घेतला असता तर एका गुणकानं अशी पूर्ण फेरी होतच नाही.

तिरकीरेघ

मग २ नं गुणलं तर? सगळ्यात सोपं तेच ना.

चक्रीवाढ

हाहा, तेवढं सोडून काहीही. २ नं गुणत गेलात तर ३१ पायऱ्यांत परत पहिल्या आकड्यावर. काकांनी गाळणीत हेच वापरलंय. बायनरीत बघा, ३१ बिटांची माळ आहे आणि २ नं गुणणं म्हणजे माळ एक घर सरकवणं, डावीकडून पडलेला बिट उजवीकडून आत येतो, ३१ घरं सरकली की माळ जशीच्या तशी.
पण याच खोडीतून सगळ्यात मोठा फायदा पण मिळतो. एखाद्या आकड्याला ९ नं भागल्यावर बाकी किती ते बघायला आपण अंकांची बेरीज करतो ना, भागत बसत नाही, कारण ९ म्हणजे १० उणे १. तसंच इथं. ६२ बिटांचा गुणाकार आला, तर वरचे ३१ बिट आणि खालचे ३१ बिट यांची बेरीज करा, मर्यादेबाहेर गेली तर एकदा आकडा वजा करा, झाली बाकी. भागाकार नाहीच. प्रोसेसरला भागाकारच महाग पडतो. आणि जुन्या ३२ बिट मशीनवर तर १६८०७ × काहीतरी हा गुणाकार इंटमध्ये मावायचाच नाही म्हणून श्राग नावाच्या माणसानं युक्ती काढली, जुन्या कोडमध्ये १२७७७३ आणि २८३६ हे दोन आकडे एकत्र दिसले तर समजायचं की तीच आहे, १६८०७ × १२७७७३ + २८३६ = २१४७४८३६४७.
(कृपया पासवर्ड, लॉटरी असल्या कामाला हा जनरेटर वापरू नका. एक आकडा दिसला की पुढचे सगळे काढता येतात.)

कोडफोड

१२७७७३ !!! हा मी बघितलाय, एका जुन्या फाइलमध्ये, वर कॉमेंट होती की हात लावू नये. लावला नव्हता, बरं झालं.

घड्याळजी

२०३८ चं कोणीच कसं नाही काढलं? १९ जानेवारी २०३८, जागतिक वेळ पहाटे ३:१४:०७, तेव्हा १ जानेवारी १९७० पासून बरोबर २१४७४८३६४७ सेकंद झालेले असतील आणि ३२ बिट घड्याळं पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जातील. आणि यूट्यूबवर २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज याच आकड्याजवळ गेले तेव्हा त्यांनी काउंटर ६४ बिट केला होता.

वजाबाकी

घड्याळजी, माहिती छान आहे पण यात आकडा मूळ असण्याचा काडीचा संबंध नाही. संयुक्त असता तरी घड्याळ त्याच सेकंदाला आपटलं असतं. इथं उगाचच यांच्या पारड्यात एक गुण.

उगाचच

धन्यवाद, फ्रेम करून लावतो.

चक्रीवाढ

मी जो उपयोग शेवटी राखून ठेवला होता तो आता काढतो, कारण हा अगदी ताजा आहे. झिरो नॉलेज प्रूफच्या कुळातला प्रकार, म्हणजे मी मोठा हिशोब बरोबर केलाय हे तुम्हाला तो हिशोब परत न करता पटवायचं. यात प्रचंड बहुपदींवर काम असतं आणि ते वेगात करायला एफएफटी (मोठे गुणाकार झटपट करायची रीत) लागतं, आणि एफएफटीचं सगळं काम अर्धं-अर्धं करत जाण्यावर चालतं. म्हणजे असा गट पाहिजे ज्याचे परत परत दोन सारखे भाग होतील. नेहमी वापरतात तो गट प − १ आकाराचा. पण वर लिहिलं तसं आपल्या प − १ मध्ये २ एकदाच येतो. एकदा अर्धं केलं की संपलं. म्हणून भागाकार इतका स्वस्त असूनही हा आकडा या कामासाठी बाजूला पडला होता.
मग २०२४ मध्ये सर्कल स्टार्क नावाची पद्धत आली. त्यांनी सांगितलं की प − १ सोडा, वर्तुळ घ्या. क्ष² + य² = १, हेच आपलं शाळेतलं वर्तुळ, पण आकडे सगळे २१४७४८३६४७ च्या दुनियेतले. त्या वर्तुळावर बिंदू किती? बरोबर प + १, म्हणजे २^३१. एकतीस वेळा अर्धं करा, कुठंही अडत नाही. या क्षेत्रातले लोक आता नुसतं एम३१ म्हणतात, इतका रोजचा झालाय.

वजाबाकी

हे मला नवीन होतं! विश्वास बसेना म्हणून ७ वर हातानं केलं, तो पण ४ नं भागल्यावर ३ उरणारा मर्सेन मूळ. वर्गांच्या बाक्या ०, १, २, ४. बिंदू (१,०), (६,०), (०,१), (०,६) हे चार उघड, आणि ४ + ४ = ८ म्हणजे १, म्हणून (२,२), (२,५), (५,२), (५,५). एकूण आठ, ७ + १. बरोब्बर!
कोडफोड, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते इथं एकत्र येतं. हा आकडा मोठा आहे म्हणून कामाचा नाही, आजच्या हिशोबानं तो चिमुकला आहे. तो २ च्या घाताला खेटून उभा आहे आणि तरीही मूळ आहे, या दोन गोष्टी एकत्र आहेत म्हणून सगळं चालतं. लुकास-लेहमर, वर्गमूळ, बेरजेनं बाकी, वर्तुळ, सगळीकडं प + १ = २^३१ हेच काम करतंय. त्याचा शेजारी घ्या, २१४७४८३६२९, तो पण मूळ, त्याच्या आधीचा. किंवा पुढचा २१४७४८३६५९. त्यांचं नाव तरी कोणी घेतं का?

तिरकीरेघ

शेजाऱ्यांबद्दल वाईट वाटलं. पण म्हणजे इतक्या जवळ जवळ असतात का मूळ संख्या? मला वाटायचं एवढ्या मोठ्या आकड्यात क्वचितच कुठंतरी एखादी असेल.

वजाबाकी

भरपूर असतात गं. या भागात सरासरी साडेएकवीस आकड्यांमागं एक. आपला आकडा मूळ संख्यांच्या रांगेत १०,५०,९७,५६५ वा आहे, म्हणजे साडेदहा कोटींच्या वर मूळ संख्या त्याच्यापर्यंत होऊन जातात. आकड्याला त्याच्या नैसर्गिक लॉगनं भागलं की अंदाज साधारण ९ कोटी ९९ लाख येतो, थोडा कमी पडतो पण दिशा बरोबर. खरी दुर्मिळ चीज म्हणजे नुसत्या एक्क्यांची मूळ संख्या. आजवर ५२ च माहीत आहेत. आपला त्यातला आठवा. बावन्नावा २^१३६२७९८४१ − १, ल्यूक ड्युरँटनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधला, जिम्प्स या मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून, ४,१०,२४,३२० अंकी. आणि तो मूळ आहे हे शेवटी पक्कं केलं ते कोडफोडनं चालवलेल्या त्याच लुकास-लेहमरनं.

कोडफोड

म्हणजे माझ्या पाच ओळी तिथं चालतील?

चक्रीवाढ

चालतील, पण तुमच्या नातवंडांना निकाल बघायला बसवा. वर्ग करायलाच एफएफटी लागतो, चार कोटी अंकी आकड्याचा वर्ग आहे तो, आणि असे तेरा कोटींच्या वर वर्ग.

शिसपेन्सिल

चार दिवसांनी परत आलो. झालं.
२४९ = ३ × ८३, गेला. ३११ पहिला खरा उमेदवार, भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळे संयुक्त (१२४१ नं जरा फसवलं, १७ × ७३ निघाला). १३०३, बाकी २२६. १४८९, बाकी १९९. मग २०४७ आला आणि हसू आलं, वजाबाकीताईंचा २३ × ८९. खरं सांगायचं तर भागाकारापेक्षा जास्त वेळ उमेदवार मूळ आहे की नाही हे ठरवण्यात गेला. ऑयलरकडं मूळ संख्यांचे तक्ते असणार, माझ्याकडं ते वापरायचे नाहीत अशी माझीच अट. दुसऱ्या दिवशी एका जागी बाकी शून्य आली. अडीचशे वर्षांनी ऑयलर चुकला म्हणून पाच मिनिटं भलतीच धडधड झाली, मग हातचा एक विसरलो होतो ते सापडलं.
शेवटाकडं ४६१२९ आणि ४६१९१ असे दोन उरले होते. ४६१९१ च्या अंकांची बेरीज २१, म्हणजे ३ नं जातो. ४६१२९ नं मात्र संध्याकाळ खाल्ली, तो १६३ × २८३ आहे. म्हणजे शेवटचा खरा भागाकार ४५९४३ चा. तो ४६७४२ वेळा जातो आणि १५९४१ उरतात.
वहीची अकरा पानं भरली. डोळ्यांना चष्मा असून ही गत.

उगाचच

काका, एक विचारू? शेवटची बाकी १५९४१, परत तपासली का? नाही, मी इकडं कागदावर करून बघतोय, मला १५८४१ येतेय.

शिसपेन्सिल

४५९४३ × ७४२ करताना ४२ चा भाग परत कर. १९२९६०६ यायला पाहिजे.

उगाचच

हो की. हातचा एक. १५९४१. बरोबर आहे.